गूढ शब्दकोडे : सोडवण्यापासून स्पष्टीकरणापर्यंत

जून 2023 मध्ये मी ‘द हिंदू’मधले क्रिप्टिक क्रॉसवर्ड, म्हणजे गूढ शब्दकोडे, शिकायला घेतले आणि सप्टेंबर 2024 मध्ये आमच्या मंडळाच्या गणेशोत्सव स्मरणिकेत मी रचलेले एक छोटे मराठी गूढ शब्दकोडे त्याच्या स्पष्टीकरणासह छापून आले. मधल्या काळात मी कुठे अडले, कशासाठी थांबले, खर्च किती झाला आणि कशाचा उपयोग झाला, हे क्रमाने लिहून ठेवत आहे, कारण सुरुवातीला अशा स्वरूपाचे मराठीतले काही हाताशी असते तर माझे पहिले दोन-तीन महिने सुसह्य झाले असते. इंग्रजी उदाहरणे देवनागरीत लिहिली आहेत, त्यांचे स्पेलिंग वाचकांनी मनात आणावे. एक सर्वपरिचित उदाहरण सोडले तर सगळी उदाहरणे मी किंवा आमच्या ओळखीतल्या मंडळींनी रचलेली आहेत, कोणाच्या छापील कोड्यातून उचललेली नाहीत.

आम्ही बंगळूरला राहतो. निवृत्तीनंतर घरी ‘द हिंदू’ सुरू केला आणि पेपरवाल्याचे बिल महिन्याला साधारण अडीचशे रुपयांनी वाढले. या वर्तमानपत्रात 1971 पासून कोडे येते. आठवड्यातली कोडी भारतीय कोडेकार टोपणनावाने रचतात आणि रविवारचे कोडे लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मधून घेतलेले असते. मराठी वर्तमानपत्रांतली साधी शब्दकोडी मी लहानपणापासून सोडवत आले आहे, त्यामुळे आडवे-उभे शब्द मला नवे नव्हते. इथे मात्र शोधसूत्र, म्हणजे उत्तर शोधण्यासाठी दिलेली ओळ (इंग्रजीत ‘क्लू’), वाचले की एक सरळ वाक्य समोर येई, त्याचा अर्थही लागे, आणि तरीही त्या अर्थाचा उत्तराशी काडीचा संबंध नसे. दुसऱ्या दिवशी उत्तरे छापून येत, पण ती नुसती उत्तरे असत. उत्तर तेच का, हे कोणी सांगत नसे. चोवीस तास थांबायचे, उत्तर पाहायचे आणि आदल्या दिवशीइतकेच अंधारात राहायचे, असा तो जून गेला. रविवारच्या कोड्याचे उत्तर तर पुढच्या रविवारी येते, तोपर्यंत आपल्याला काय खटकले होते हेच आठवत नाही. म्हणून पहिली सूचना अशी की पेन्सिलीने सोडवावे, आणि ज्या शोधसूत्रापाशी अडलो त्याच्याशेजारी आपली शंका दोन शब्दांत लिहून ते कात्रण जपून ठेवावे.

जुलैमध्ये कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने फोनवरून मूळ रचना समजावली. प्रत्येक शोधसूत्राचे दोन भाग असतात. एका भागात उत्तराचा सरळ अर्थ, म्हणजे व्याख्या, असते आणि दुसऱ्या भागात त्याच उत्तराची अक्षरे जुळवण्याची कृती, म्हणजे शब्दखेळ, असतो. व्याख्या जवळजवळ नेहमी वाक्याच्या अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी येते, मध्ये येत नाही. दोन भागांचा सांधा कुठे आहे हे कोडेकार लपवतो, आणि सोडवणाऱ्याचे पहिले काम तो सांधा शोधण्याचे असते. कंसातला आकडा उत्तरातली अक्षरे सांगतो. ‘वर्कर इन प्लँट (3)’ या शोधसूत्रात कारखान्यातला कामगार दिसतो, पण ‘वर्कर’ ही व्याख्या धरली आणि ‘इन प्लँट’ याचा अर्थ ‘प्लँट या शब्दाच्या आत’ असा घेतला, की त्या शब्दाची शेवटची तीन अक्षरे ‘अँट’ हे उत्तर देतात. मुंगी कामकरी असतेच. ‘सायलेंट, अपसेट? पे अटेन्शन (6)’ यात ‘अपसेट’ हा अक्षरे विस्कटण्याचा इशारा आहे. ‘सायलेंट’ची सहा अक्षरे पुन्हा मांडली की ‘लिसन’ होते, आणि ‘पे अटेन्शन’ ही त्याची व्याख्या.

हे एकदा कळल्यावर इशाऱ्यांचे शब्द ओळखू येऊ लागले. मोडलेले, बिघडलेले, नशेत असलेले, नाचणारे, वेडे झालेले असे काही दिसले की अक्षरांची उलटापालट असण्याचा संभव असतो. आत, पोटात, गिळलेले, वेढलेले असे काही असले तर एक शब्द दुसऱ्याच्या पोटात जातो. परत फिरलेले म्हणजे उलटे वाचायचे, आणि ‘ऐकू आले’ असे असले तर उच्चार सारखा पण स्पेलिंग वेगळे. यापलीकडे संक्षेपांचा मोठा साठा पाठ करावा लागतो. ‘सेलर’ म्हणजे टी-ए-आर किंवा ए-बी, ‘होम’ म्हणजे आय-एन, ‘अबाउट’ म्हणजे आर-ई. क्रिकेट कळणाऱ्यांना इथे आयता फायदा होतो, कारण ‘डक’ म्हणजे ओ, ‘मेडन’ म्हणजे एम आणि ‘ऑन’ म्हणजे एल-ई-जी हे आपल्याला निराळे शिकावे लागत नाही. ‘फाइन एक्स्ट्रा, सो लाँग (7)’ याचे उत्तर ‘गुडबाय’ कसे, हे माझ्या यजमानांनी कोड्यांचा गंधही नसताना चहा पिता पिता सांगितले. फाइन म्हणजे गुड, एक्स्ट्रा म्हणजे बाय, आणि ‘सो लाँग’ हा निरोप.

ऑगस्टमध्ये मी चर्च स्ट्रीटवरच्या ‘ब्लॉसम’मधून चेंबर्सच्या इंग्रजी कोशाची जुनी प्रत 600 रुपयांना घेतली. ब्रिटिश कोडेकारांचा हा लाडका कोश आहे, त्यात दुर्मीळ आणि जुने अर्थही भरपूर मिळतात. नवी प्रत घेण्याची सुरुवातीला गरज नाही. फोनवरच्या मोफत कोशांनी रोजचे काम भागते, मात्र त्यांत एखाद्या शब्दाचा सहावा-सातवा अर्थ गाळलेला असतो आणि कोडेकाराला नेमका तोच हवा असतो. कोश हाताशी ठेवावा, पण उत्तर शोधण्यासाठी तो उघडू नये. सुचलेले उत्तर पडताळण्यासाठी उघडावा. ही शिस्त मी पाळली आणि तिचा फायदा झाला असे माझे मत आहे, जरी आमच्या गटातल्या काहींना ती निष्कारण सोवळेपणाची वाटते.

या गटात मी सप्टेंबर 2023 मध्ये आले. शेजारच्या इमारतीतले एक तमिळ गृहस्थ, ज्यांना सगळेच ‘सर’ म्हणतात, व्हॉट्सॲपवर वीस-बावीस जणांचा एक गट चालवतात. रोजच्या कोड्याचे संपूर्ण स्पष्टीकरण दुपारी चारनंतर टाकायचे, त्याआधी उत्तराचा उल्लेखसुद्धा करायचा नाही, आणि हे काम आळीपाळीने प्रत्येकाने करायचे, असे नियम आहेत. नव्या माणसाला पहिले काही महिने फक्त वाचायची मुभा असते. स्पष्टीकरणाची पद्धतही ठरलेली आहे. शोधसूत्राचा क्रमांक, आडवे की उभे, उत्तर, व्याख्येखाली रेघ, विस्कटलेल्या अक्षरांपुढे तारा, पोटात गेलेला भाग कंसात, गळलेली अक्षरे खोडून दाखवलेली, आणि उलटे वाचायच्या शब्दापुढे डावीकडचा बाण. हे पाहिल्यावर प्रथम मला नोकरीतल्या तपासणी अहवालांची आठवण झाली आणि थोडा कंटाळाही आला. पण महिनाभर रोज असे अहवाल वाचले आणि एक गोष्ट मनात पक्की बसली, ती अशी की उत्तर सापडणे आणि शोधसूत्र सुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी आयुष्यभर लेखापरीक्षणात काम केले. तिथे खर्चाची बेरीज बरोबर आहे एवढ्याने कोणी सही करत नाही, प्रत्येक नोंदीमागे व्हाउचर लागते. शोधसूत्रातल्या प्रत्येक शब्दामागेही असे व्हाउचर हवे. एक जरी शब्द विनाकारण उरला, तर एक तर आपले उत्तर चुकलेले असते किंवा कोडेकार ढिला पडलेला असतो.

या काटेकोरपणाला इतिहास आहे आणि तो सरांनी एका रविवारी इडलीच्या पंगतीत सांगितला. ‘ऑब्झर्व्हर’साठी 1926 पासून ‘टॉर्केमाडा’ या टोपणनावाने कोडी रचणारे एडवर्ड पॉविस मॅथर्स फार बुद्धिमान होते, पण त्यांची शोधसूत्रे मोकाट असत. 1939 मध्ये ते वारल्यावर डेरिक मॅकनट यांनी ‘झिमेनीस’ या नावाने ते काम घेतले आणि 1966 च्या आपल्या पुस्तकात न्याय्य शोधसूत्राचे नियम मांडले. त्यांच्यामागून 1972 मध्ये आलेले जोनाथन क्राउदर, म्हणजे ‘अझेड’, यांनी त्या नियमांचे सार तीन शब्दसमूहांत सांगितले : नेमकी व्याख्या, शब्दखेळाची न्याय्य सूचना, आणि आणखी काहीही नाही. टॉर्केमाडा आणि झिमेनीस ही स्पेनमधल्या धर्मन्यायाधीशांची नावे, आणि अझेड हे त्याच परंपरेतल्या डेझा या नावाचे उलटे वाचन. छळ करणाऱ्यांची नावे मुद्दाम निवडण्यातला प्रामाणिकपणा मला आवडला. त्याही आधी, 1949 मध्ये, ‘आफ्रिट’ या कोडेकाराने दिलेली एक आज्ञा आमच्या गटाच्या माथ्यावर कायम लावलेली आहे. मराठीत तिचा आशय असा होतो की मी जे म्हणतो तेच मला म्हणायचे असेल असे नाही, पण मला जे म्हणायचे आहे ते मी म्हटलेच पाहिजे. फसवण्याचे स्वातंत्र्य आणि खोटे न बोलण्याचे बंधन या दोहोंची सांगड त्यात आहे.

नियमांना अपवाद आहेत आणि काही फार सुंदर आहेत. ‘जी-ई-जी-एस (9, 4)’ हे जुने उदाहरण सगळ्या शिकाऊंना सांगितले जाते. उत्तर ‘स्क्रॅम्बल्ड एग्ज’, कारण ‘एग्ज’ची अक्षरे विस्कटली की ही चार अक्षरे अशी पडतात. यात व्याख्या नावाला नाही, त्यामुळे कडवे नियमवादी नाक मुरडतात. मी मुरडत नाही.

माझी पहिली पाळी मार्च 2024 मध्ये आली. कोडे सकाळी दहापर्यंत भरून झाले होते आणि मला वाटले की तासाभरात लिहून होईल. प्रत्यक्षात चारची वेळ गाठता गाठता दमछाक झाली, आणि त्यातला बहुतेक वेळ एकाच शोधसूत्राने खाल्ला. त्याचे मूळ शब्द देत नाही, पण त्याच बेताचे माझे शोधसूत्र असे आहे : ‘द अपसेट लेट क्वीन इज अ नंबर (5)’. आडव्या-उभ्या शब्दांतून ई, एच आणि आर ही अक्षरे आधीच आली होती आणि ‘ईथर’ सोडून दुसरे काही बसत नव्हते, म्हणून मी ते भरून पुढे गेले होते. स्पष्टीकरण लिहायला बसले तेव्हा ‘द’ची तीन अक्षरे विस्कटून ई-टी-एच होते हे लगेच दिसले. ‘क्वीन’ म्हणजे ई-आर, हे एलिझाबेथ राणीच्या राजचिन्हातले संक्षेपही ओळखीचे होते. ‘लेट’ का, हेही कळले, कारण 8 सप्टेंबर 2022 ला राणी वारली आणि तेव्हापासून सावध कोडेकार ई-आरसाठी नुसती ‘क्वीन’ न लिहिता ‘दिवंगत’ किंवा ‘माजी’ असे काही जोडतात. पण मग व्याख्या उरते ती ‘नंबर’, आणि ईथर ही कोणती संख्या?

जेवण झाले, भांडी आवरली, तरी तो शब्द सुटेना. व्हाउचर नाही म्हणून रकाना रिकामा ठेवायचा की ‘व्याख्या समजली नाही’ असे लिहून मोकळे व्हायचे, हा प्रश्न होता. गटात तसे लिहिण्याची पूर्ण मोकळीक आहे आणि बरेच जण लिहितातही. शेवटी शब्द मोठ्याने न उच्चारता नुसता पाहत राहिले तेव्हा तो दुसऱ्या तऱ्हेने दिसला : नंब करणारा तो नंबर, म्हणजे बधिर करणारा. ईथर हे शस्त्रक्रियेत भूल देण्यासाठी वापरत. याच जातीचा ‘फ्लॉवर’ म्हणजे वाहणारी, अर्थात नदी, हा शब्द मी कितीतरी वेळा वाचला होता, तरीही इथे तो प्रकार लगेच ओळखू आला नाही. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो उत्तर भरताना झाला नव्हता. यातून निघालेली व्यवहारी सूचना अशी की अडलेला शब्द कागदावर वेगळा, वाक्यातून सुटा करून लिहावा. वाक्यात तो शेजाऱ्यांच्या संगतीने एकच अर्थ दाखवत राहतो.

दुसरी सूचना स्पष्टीकरण लिहिणाऱ्यांसाठी आहे. आपल्याला जे सोपे वाटले ते एका ओळीत उरकू नये. गटात नव्याने आलेल्या एका मुलीने मला नंतर सांगितले की तिला ‘होम’ म्हणजे आय-एन का, हेच कुठे सापडत नव्हते, कारण सगळे जण ते गृहीत धरून पुढे जात होते. ‘इज ही होम?’ आणि ‘इज ही इन?’ या दोन प्रश्नांचा अर्थ एकच, हे सांगायला अर्धी ओळ लागते. तेव्हापासून मी प्रत्येक संक्षेपापुढे कारण लिहिते. स्पष्टीकरण लांबते, पण ज्यांना नको असेल त्यांनी ते ओलांडावे.

मे 2024 मध्ये मंडळाच्या स्मरणिकेसाठी मजकूर मागवणारे पत्रक आले. 31 जुलैपर्यंत मजकूर युनिकोडमध्ये, दोन पानांच्या आत, असे त्यात म्हटले होते. मराठीत असे कोडे करता येईल का, हा विचार तोवर माझ्या डोक्यात घोळत होताच. मराठी वाचकांना शब्दांचा खेळ नवा नाही. उखाणे, कूटश्लोक, कोटीबाज नाटके यांवर आपण वाढलो आहोत. पण चौकटीतले गूढ कोडे रचायचे म्हणजे आधी नियम ठरवावे लागतात, आणि तिथेच खरी डोकेदुखी सुरू झाली.

पहिला प्रश्न घराचा. इंग्रजीत एका घरात एक वर्ण जातो. आपल्या साध्या शब्दकोड्यांत एका घरात मात्रेसकट अक्षर जाते आणि जोडाक्षरही एकाच घरात बसते, म्हणून मी तेच ठेवले. याचा परिणाम मोठा असतो. ‘महाल’ आणि ‘हमाल’ यांत व्यंजने तीच आहेत, फक्त ‘म’ आणि ‘ह’ यांची अदलाबदल झाली आहे आणि काना ‘ह’वरून ‘म’वर गेला आहे, आणि उलटापालटीसाठी ही जोडी इतकी मोहक आहे की ओळखीतल्या तिघांनी तरी ती मला सुचवली. पण वाचक घरात ‘हा’ लिहिणार आहे, ‘ह’ आणि काना निरनिराळे लिहिणार नाही, म्हणून मी ती बाजूला ठेवली. चौकट भरतानाही हाच जाच होतो. ‘महाल’च्या मधून उभा शब्द न्यायचा तर त्यात ‘हा’च हवा, म्हणजे ‘सहा’, ‘हार’, ‘पहाट’ असे काही. ‘ह’ किंवा ‘ही’ चालत नाही. इंग्रजीत पंधरा बाय पंधराची चौकट रोज भरली जाते, मी मराठीत सात बाय सातवर थांबले आणि तीही भरायला तीन आठवडे लागले. चौकट वहीच्या चौकडी कागदावर करावी. संगणकाची इथे मला काही मदत झाली नाही.

दुसरा प्रश्न विभक्तीचा, आणि तो इंग्रजी कोडेकारांना कधी पडतच नाही. ‘पगार’ या शब्दाचे पहिले अक्षर गाळले की ‘गार’ उरते, हे पाहून मी खूश झाले. पण ‘पगाराचे डोके उडवले’ असे लिहिले की शब्दाचे सामान्यरूप होते, आणि ‘पगारा’तून ‘प’ गेला तर उरतात ‘गारा’, म्हणजे आकाशातून पडणाऱ्या. काटेकोर वाचक हे लगेच पकडील. त्यामुळे ज्या शब्दावर शस्त्रक्रिया करायची तो मूळ रूपातच वाक्यात आला पाहिजे, अशी अट मी घातली आणि शोधसूत्र ‘सुरुवात गमावलेला पगार थंड (2)’ असे झाले. पोटात शब्द लपवायचा असेल तर मात्र प्रत्यय बाहेर ठेवता येतो. ‘आज वळणात दडले आहे ते दूर नाही (3)’ यात पहिल्या दोन शब्दांच्या पोटात ‘जवळ’ आहे आणि ‘णात’ शिलकीत राहते, जे या प्रकारात चालते.

काही प्रकार मराठीत जवळपास मावळतात. उच्चार सारखा आणि लेखन वेगळे हा इंग्रजीतला मोठा कारखाना आहे, पण आपण बहुतांशी उच्चारतो तसे लिहितो, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चिंचोळ्या पट्टीत काय सापडेल ते घ्यायचे. ‘ऐकायला दिवस, पाहायला गरीब (2)’ म्हणजे ‘दीन’, एवढे एकच मला नीट साधले. याच उत्तरासाठी ‘नदी उलटी वाहिली तर गरीब (2)’ हेही तयार होते आणि ते अधिक सरळ आहे, पण कोड्यात उलट्याचा प्रकार आधीच येऊन गेला होता. याउलट काही गोष्टी मराठीत अधिक सोप्या जातात. देवनागरीत मोठी लिपी-लहान लिपी नाही, त्यामुळे विशेषनाम लपवायला काही करावेच लागत नाही. ‘कमल बिथरली की लेखणी (3)’ यात कमल ही बाई वाटते, पण तिची अक्षरे बिथरली की ‘कलम’ मिळते. एका मैत्रिणीने सुचवलेले ‘कमल बिथरली आणि तिने लेखणी उचलली’ हे वाक्य म्हणून कितीतरी सरस होते. ‘तिने’ आणि ‘उचलली’ यांना मात्र कामच नव्हते, म्हणून ते घेता आले नाही, आणि मैत्रीण दोन दिवस नाराज होती. शेवटी कलमासाठी मी दोन अर्थांचे शोधसूत्र घेतले : ‘आंब्याच्या बागेत आणि कायद्याच्या पुस्तकात (3)’.

दोन अर्थांचा प्रकार मराठीत फार रसाळ होतो. ‘झाडाला असते ती वाईट सवय (2)’ म्हणजे ‘खोड’. ‘जंगलातला गंध रामाच्या नशिबी (4)’ हे जोडशब्दाचे उदाहरण : वन, अधिक वास, म्हणजे वनवास. इथे ‘वास’चा अर्थ राहणे असा असताना शब्दखेळात तो गंध म्हणून घेतला आहे, आणि असा अर्थपालट असला तरच जोडशब्द फोडण्यात काही गंमत येते. ‘पाणी’ आणि ‘पुरवठा’ जोडून ‘पाणीपुरवठा’ करायचा असेल तर कोडे रचू नये.

अर्थ तपासण्यासाठी मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात, त्यांचा मला फार उपयोग झाला. एखादा अर्थ केवळ आपल्या घरात किंवा गावात चालतो का, हे तिथे कळते. कोकणातले काही शब्द मला गाळावे लागले, कारण आमच्या मंडळात सोलापूर, बेळगाव, इंदूर अशा सगळीकडची मंडळी आहेत आणि कोडे सगळ्यांना सुटायला हवे.

मजकूर 29 जुलैला दिला. ऑगस्टच्या मध्यावर मुद्रिते आली आणि त्यांत दोन अडचणी निघाल्या. अक्षरजुळणी करणाऱ्याने युनिकोडमधला मजकूर त्याच्या नेहमीच्या फाँटमध्ये बदलताना काही जोडाक्षरे फुटली होती, आणि चौकटीतले आकडे एका ओळीने खाली सरकले होते. चौकट पुन्हा आखण्याचे 500 रुपये मी स्वतः दिले, कारण मंडळाच्या अंदाजपत्रकात त्याची तरतूद नव्हती. चौकट नेहमी चित्र म्हणून द्यावी आणि रिकामी व भरलेली अशा दोन्ही प्रती एकत्र द्याव्यात, म्हणजे तपासणाऱ्याला मेळ घालता येतो. दुसरी अडचण समितीची. ‘घाणीत हा राजवाडा! (3)’ हे माझे सगळ्यात आवडते शोधसूत्र होते. ‘मल’च्या पोटात ‘हा’ गेला की ‘महाल’, चारही पावले स्वच्छ, एक शब्द वाया नाही. संपादन पाहणाऱ्या काकूंचे म्हणणे पडले की गणपतीच्या स्मरणिकेत घाण नको. त्यांना मी घरी जाऊन शब्दाशब्दाचे स्पष्टीकरण दिले, त्या हसल्या, आणि शोधसूत्र राहिले. पुढच्या वर्षी असले काही असेल तर आधी दाखव, असेही त्यांनी बजावले.

स्पष्टीकरणाचे पान मी उत्तरांच्या पानापासून वेगळे ठेवायला सांगितले होते. उत्तरे उलटी छापली आणि त्यांच्यामागे एक पान सोडून स्पष्टीकरण दिले. 7 सप्टेंबरला प्रतिष्ठापना झाली, त्या संध्याकाळपासून लोक मला गाठून विचारू लागले. बहुतेकांनी दोन-तीन सोडवली होती आणि बाकीची पाहून घेतली होती, आणि मला त्यात गैर वाटत नाही. पहिल्यांदा उत्तर बघून मागे यावे, शब्द शब्द जुळवून पाहावा, हीच शिकण्याची सगळ्यात जलद रीत आहे, मी जूनमध्ये नेमकी त्यालाच मुकले होते. एका आजोबांनी ‘खोड’वर हरकत घेतली. झाडाचे खोड नपुंसकलिंगी, सवयीची खोड स्त्रीलिंगी, मग ‘ती’ कशी, असा त्यांचा प्रश्न होता. ‘ती’ हा सांधा आहे आणि तो दुसऱ्या अर्थाकडे झुकलेला आहे, ‘असते’ हे रूप दोन्ही लिंगांना चालते, असे मी सांगितले. त्यांचे पूर्ण समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. गटात मी तो प्रश्न टाकला, तेव्हा तिथल्या तमिळ आणि मल्याळी सदस्यांची लिंगाच्या या भानगडीने चांगलीच करमणूक झाली.

‘द हिंदू’चे कोडे अजूनही रोज पूर्ण सुटत नाही. पाच-सहा घरे रिकामी राहतात, आणि पाळी महिन्यातून एकदा येते. यंदाच्या स्मरणिकेसाठी नऊ बाय नऊची चौकट अर्धी भरली आहे. त्यातले एक शोधसूत्र इथे देते, काकूंनी ते पाहिले आहे आणि त्यांची हरकत नाही : ‘डाव उलटला की पावाचा सोबती (2)’.